पिशवी काढायला सांगितली तर

डॉक्टरांनी गर्भाची पिशवी काढायला सांगितली म्हणून तू ॲडव्हान्स भरायला निघालीस, तर जरा थांब. त्या डॉक्टरांचं चुकलंच असेल असं मी म्हणत नाही. पण सल्ला देणारा आणि ऑपरेशन करणारा एकच आहे. तेव्हा आता असा डॉक्टर गाठ, ज्याला तुझ्या ऑपरेशनमधून एक रुपयाही मिळायचा नाही. बायकांच्या वॉर्डात नोकरी काढलेल्या तुझ्या मावशीचं मुख्य सांगणं एवढंच आहे.

आधी घाई कशाची असते ते ऐक. तासा-तासाला पॅड भिजतंय, चक्कर येतेय, किंवा पोटात एकाएकी असह्य कळ उठून बाई पांढरीफटक पडलीय, तर दुसरं मत विचारत बसायचं नाही, जवळचा दवाखाना गाठायचा. गर्भ नळीत राहून नळी फुटली, अंडाशयाला पीळ पडला, तर तिथे तासांचा हिशेब असतो. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा लाल दिसलं तर तेही अंगावर काढू नये. आतल्या अस्तराचा तुकडा तपासावाच लागतो. बाकी ‘परवाच करून टाकू’ म्हणावं अशी पिशवी क्वचित असते. जी गाठ वाढायला वर्षं लागली, ती पंधरा दिवस थांबते.

पहिल्या डॉक्टरांशी भांडायचं नाही. ‘घरी विचार करून सांगते, तोवर माझे कागद द्या,’ एवढं पुरे. पुष्कळ बायका ‘नवऱ्याला विचारून सांगते’ म्हणतात. एरवी मला ते वाक्य आवडत नाही, पण इथे बिनधास्त वापर. नवऱ्याचा तेवढा तरी उपयोग होऊ दे. कागद म्हणजे नुसती चिठ्ठी नव्हे. सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि फिल्म, रक्ताचे रिपोर्ट, पॅप स्मिअर झाली असेल तर ती, आणि आजवर कुठल्या गोळ्या किती दिवस दिल्या ते. दवाखान्यात ॲडमिट होतीस तर तिथली कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत द्यावीत, असं डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत लिहिलंय. महाराष्ट्रात २०२१ साली नर्सिंग होमचे नियम सुधारले, तेव्हापासून रुग्णांच्या हक्कांची सनदही दवाखान्यात लावायची असते. काउंटरवरच्या मुलीला हे सुनावू नकोस, तिचा काही दोष नसतो. लेखी अर्ज दे आणि पोच घे.

त्याहून मोलाचा कागद तुझा तुलाच करायचाय. पाळी कुठल्या तारखेला आली, किती दिवस चालली, दिवसाला किती पॅड लागले, गाठी पडल्या का, हे कॅलेंडरवर मांडून ठेव. सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. ‘लई जातंय’ यातून डॉक्टरला काही कळत नाही. ‘आठ दिवस, रोज सहा पॅड, हिमोग्लोबिन आठ’ म्हटलं की कळतं.

रिपोर्टमधल्या शब्दांना घाबरू नकोस. ‘बल्की युटेरस’ वाचून बायका हबकतात. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी जराशी मोठी असतेच. अस्तराची जाडी पाहताना सोनोग्राफी पाळीच्या कितव्या दिवशी झाली ते विचार, कारण पाळी जवळ आली की अस्तर जाड होतंच. ‘पिशवीच्या तोंडाला जखम आहे, पुढे कॅन्सर होईल,’ या एका वाक्यावर आपल्याकडे किती पिशव्या गेल्या असतील! तोंडाशी लाली दिसते तिचं कारण बहुतेक वेळा साधं असतं. शंका असेल तर पॅप स्मिअर करतात, सरकारी दवाखान्यात ॲसिटिक ॲसिड लावूनही पाहतात. डोळ्यांनी बघून कॅन्सर ठरत नाही. फायब्रॉइडच्या गाठींचा कॅन्सर होणं तर फार दुर्मीळ, आणि पाळी गेल्यावर त्या बहुधा आक्रसतात. पांढरं जाणं हे एवढंच दुखणं असेल तर औषधांनी भागतं. काही वेळा नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतात, आणि घोडं तिथेच अडतं.

आपल्या बीडची गोष्ट तुला ठाऊक आहेच. २०१९ मध्ये सरकारी समितीने ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची माहिती घेतली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीत खाडा झाला की दंड, वर डोक्यावर मुकादमाची उचल, आणि दवाखान्यात कॅन्सरची भीती. मग दसऱ्यानंतर टोळी निघायच्या आत ऑपरेशन उरकून घ्यायचं. त्यावरून गदारोळ झाल्यावर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्य चिकित्सकांची परवानगी घ्यायला सांगितलं गेलं. म्हणजे तुला मी जे करायला सांगतेय, तेच सरकारला सगळ्यांसाठी करावं लागलं.

आता जायचं कुठे? अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज किंवा संभाजीनगरची घाटी. पहिल्या डॉक्टरांनीच ज्याचं नाव सुचवलं त्याच्याकडे नको. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढ. ज्या युनिटने पाहिलं त्याचा ओपीडीचा वार लिहून घे आणि पुढच्या खेपेला त्याच वारी जा, नाहीतर दरवेळी नव्या डॉक्टरला रामायण पहिल्यापासून सांगावं लागतं. शिकाऊ डॉक्टरने तपासलं तर नाक मुरडू नकोस, पण ‘मॅडमना एकदा दाखवा’ म्हण. आत गेल्यावर आधी त्रास सांग, कॅलेंडर दाखव. कागद आणि ‘काढायला सांगितलंय’ हे मागाहून. आधीच निकाल ऐकवलास तर समोरचा त्याच निकालाच्या दिशेने विचार करायला लागतो.

मग विचार: दुखण्याचं नाव काय, ते लिहून द्याल का? तीन महिने थांबले तर काय होईल? औषधाने जमेल का? रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या असतात, नुसती गाठ किंवा मोड काढून पिशवी ठेवता येते, आणि हार्मोनची तांबी पिशवीत बसवली की कित्येकींचा रक्तस्राव काही वर्षं अगदी कमी होतो. ती साध्या कॉपर-टीपेक्षा वेगळी, बरं का. कॉपर-टीने उलट जास्त जातं. आणि अंडाशय ठेवणार की काढणार, हे तर विचारच. पस्तिशीत अंडाशयं गेली तर पाळी बंद होतानाचे सगळे भोग एकदम अंगावर येतात: गरम वाफा, झोप उडणं, पुढे हाडं ठिसूळ होणं.

दोघांची मतं वेगळी पडली तर मतदान घ्यायला तिसरीकडे धावू नकोस. दुसऱ्याला विचार की पहिल्यांनी असं का सांगितलं असेल. चांगला डॉक्टर दोन्ही बाजू समजावतो. जो पहिल्याला शिव्या घालून ‘माझ्याकडे उद्याच करू’ म्हणतो, तो त्याच माळेचा मणी. पण दुसऱ्यानेही कारण देऊन काढायलाच सांगितलं, औषधं करून झालीत, अंग बाहेर येतंय किंवा रक्त भरून निघत नाहीये, तर करून घे. मनासारखं बोलणारा भेटेपर्यंत दवाखाने पालथे घालत बसलीस तर हिमोग्लोबिन पाचवर येईल आणि मग भूल द्यायलाही कुणी धजावणार नाही.

ऑपरेशन ठरलं तर आधीच सांगून ठेव: काढलेली पिशवी पॅथॉलॉजीला पाठवा आणि रिपोर्ट मला द्या. टाके काढायला जाशील तेव्हा तो माग, आणि डिस्चार्ज कार्डावर अंडाशयं ठेवली की काढली हे लिहिलंय का ते तिथेच वाचून बघ.