साचा एक, क्रम अनेक

संगणकाची भाषा हा विषय विज्ञान शाखेचा, असे मानून आपण कलाशाखेचे विद्यार्थी तिकडे फिरकत नाही. मीही फिरकलो नसतो. पण गावाकडचे शब्द गोळा करून, एका मित्राच्या मदतीने, ‘गो’ या संगणकभाषेत त्यांची अकारविल्हे यादी लावली आणि कोड्यात पडलो. यादी आली ती अशी : माल, माळ, मावशी, माहेर. माझी आई चौथीपर्यंत शिकलेली. ती म्हणाली, "आरं, ह झाल्यावर ळ येतो की!" तिच्या हिशेबाने ‘माळ’ शेवटी हवा. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. यंत्र खरे की आई, हे ठरविण्याची पाळी माझ्यावर आली.

क्रम लावण्याची कृती सर्वत्र सारखीच असते. दोन वस्तू ताडून पाहावयाच्या आणि आधीची ती पुढे ठेवावयाची. आकड्यांसाठी एक, शब्दांसाठी दुसरी, अशी ती पुनःपुन्हा लिहिण्यापेक्षा एकच साचा करावा व त्यात हवा तो प्रकार घालावा, या विचारातून ‘जेनेरिक’ रचना आली. १९८३ च्या एडा भाषेत ती होती. जावामध्ये २००४ साली आली, तर गोमध्ये बऱ्याच वादानंतर २०२२ साली. फायदा उघड आहे. श्रम वाचतात, दुरुस्ती एकाच जागी होते आणि आकड्यांच्या यादीत शब्द शिरला, तर प्रोग्रॅम चालण्यापूर्वीच चूक पकडली जाते.

मग घोटाळा कोठे झाला? तयार साच्याची अट एवढीच, की वस्तू ‘क्रम लावण्याजोगी’ असावी. शब्द या अटीत बसतात; पण क्रम कोणाचा, हे अट सांगत नाही. यंत्र अक्षरांचे युनिकोडमधील क्रमांक ताडते आणि तेथे ‘ल’च्या लगेच मागून ‘ळ’ येतो. म्हणून प्रोग्रॅम बिनतक्रार चालतो, यादी मात्र मराठी राहत नाही. त्याच भाषेत दुसराही साचा आहे. त्याला तुलनेचा नियम आपण द्यावयाचा असतो. ‘ह नंतर ळ’ हे तेथे सांगता येते.

तात्पर्य, जे सर्वत्र खरोखर समान आहे तेच साच्यात घालावे. जे भाषेगणिक बदलते ते उघडपणे मागून घ्यावे. बदलणारी गोष्ट साच्याच्या पोटात दडली, की सोयीचीच अडचण होते.

आता माझी यादी अशी लागते : माल, मावशी, माहेर, माळ. आईचे बरोबर होते.