नाताळ आणि वयात येणारी मुले

डिसेंबर उजाडला की खडकवासल्याच्या माझ्या दवाखान्यात सर्दी-खोकल्याच्या रुग्णांबरोबर आणखी एक तक्रार हमखास ऐकू येते. "डॉक्टर, परवापर्यंत गव्हाणी मांडायला हा सगळ्यांच्या पुढे असायचा. यंदा खोलीतून बाहेरच येत नाही. काही टॉनिक द्या." आई बोलत असते आणि शेजारी बसलेला पंधरा वर्षांचा मुलगा जमिनीकडे पाहत असतो. हीच तक्रार दिवाळीपूर्वी किल्ल्यावरून आणि फराळावरून येते. त्यामुळे आजचा लेख ख्रिस्ती कुटुंबांना समोर ठेवून लिहिलेला असला तरी तो सर्वच पालकांच्या उपयोगी पडावा.

हा आजार नव्हे

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयाला किशोरावस्था म्हणते. या काळात शरीराचे घड्याळही बदलते. झोप आणणारे मेलाटोनिन हे द्रव्य रात्री उशिरा स्रवू लागते. त्यामुळे मुलाला अकरापर्यंत झोप येत नाही आणि सकाळी उठवत नाही. तरीही १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते. मध्यरात्रीच्या उपासनेहून परतलेल्या मुलीला पहाटे सहाला करंज्या तळायला उठवले, तर नाताळची सकाळ भांडणानेच सुरू होणार.

दुसरी गोष्ट अशी की, या वयात बरोबरीच्या मुलांचे मत फार मोलाचे वाटते. पाहुण्यांसमोर उभे राहून लहानपणीचे गाणे म्हणण्याची त्याला लाज वाटते. त्याला सण नकोसा झालेला नसतो. सणातली लहान मुलाची भूमिका नकोशी झालेली असते. हा फरक पालकांनी नीट ओळखला पाहिजे.

मग रीतीभाती सोडून द्याव्यात काय?

मुळीच नाही. बार्बरा फीझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुटुंबांतील नित्यक्रम आणि रीतीभाती यांवरील ५० वर्षांच्या संशोधनाचा आढावा २००२ साली प्रसिद्ध केला. अशा रीती जपणाऱ्या घरांचा संबंध मुलांच्या चांगल्या मनःस्वास्थ्याशी दिसून येतो, असे त्यात आढळले. "आपल्या घरी असे करतात" हे वाक्य मुलाला आधार देते, मग तो वरवर कितीही नाके मुरडो.

पण रीत टिकते ती बदलत बदलत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) मराठी ख्रिस्ती उपासनेला भजन-अभंगांचे वळण दिले. ती भजने आज आजी-आजोबांना जुनी परंपरा वाटतात, पण त्या काळी ती नवीनच होती. घराबाहेर आपण कागदी तारा टांगतो. त्याच्या एका प्रसिद्ध प्रकाराची सुरुवात १८३० च्या सुमारास जर्मनीतील मोरावियन पंथाच्या एका शाळेत, मुलांच्या भूमितीच्या तासाला झाली. म्हणजे हे कामही शाळकरी मुलांच्याच हातचे!

घरात काय करावे?

१) आधी विचारा. नाताळपूर्वीच्या चार रविवारांचा आगमनकाळ सुरू झाला की सर्वांनी एकत्र बसावे. प्रत्येकाने हवीच अशी एक रीत आणि सोडली तरी चालेल अशी एक रीत सांगावी. वडिलांनीही सांगावी. अनेकदा आपण ज्या गोष्टीचा आग्रह धरतो ती कोणालाच नको असते, आणि मुलाला जी हवी असते ती आपल्या ध्यानातही नसते.

२) हरकाम्या करू नका, कारभार सोपवा. "जा, दोरी आण" यात मुलाला गोडी नसते. तारा आणि रोषणाई पूर्णपणे त्याच्याकडे द्यावी, पैसेही हाती द्यावेत. केकची जबाबदारी मुलगा-मुलगी न पाहता द्यावी. मनुका भिजवण्यापासून ते भाजण्यापर्यंत सारे त्यांनीच करावे. तारा थोडा तिरका लागला तर तिरका राहू द्यावा. मुलाची पाठ वळताच तो सरळ केला, की पुढच्या वर्षी तो हात लावणार नाही.

३) झोपेची सोय पाहा. २४ च्या रात्री जागरण असेल तर दुपारी थोडी विश्रांती आणि २५ ला उशिरा न्याहारी ठेवावी. फराळाची तळणी आदल्या संध्याकाळीच उरकावी.

४) पाहुण्यांसमोर थट्टा नको. मुरुमे, वजन, आवाज फुटणे आणि दहावीची टक्केवारी हे विषय त्या दिवशी बंद. लाडू देताना "किती जाड झालीस" म्हणणाऱ्या मावशीला आईने हळूच थांबवावे. अशा शब्दांनी मुली जेवण तोडतात.

५) मित्रांना घरात जागा द्या. शेजारचे हिंदू, मुसलमान मित्र केक खायला आले तर मुलाला आपला सण दाखवण्याचा अभिमान वाटतो. जेवताना मोबाइल बाजूला ठेवायचा असेल तर पहिला मोबाइल वडिलांचा ठेवावा.

६) ३१ डिसेंबरचे नियम आधी ठरवा. कोणाबरोबर, कुठे, किती वाजता परत आणि कशाने परत, हे शांतपणे ठरवावे. धरणाच्या पाण्यात उतरायचे नाही, हे स्पष्ट सांगावे. अल्पवयीन मुलाच्या हाती मोटारसायकल देऊ नये. २०१९ च्या कायदादुरुस्तीनुसार अशा गुन्ह्यात पालकाला किंवा वाहनमालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जिवाची किंमत तर त्याहून कितीतरी मोठी आहे.

काळजी केव्हा करावी?

मुलगा गव्हाणीजवळ येत नाही, पण मित्रांत हसतो-खेळतो, तर ते वयाचे लक्षण समजावे. परंतु त्याने मित्रही सोडले, आवडते क्रिकेट किंवा गिटार सोडली, झोप व भूक बिघडली, अभ्यास घसरला, आणि उदासी किंवा चिडचिड दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज राहिली, तर ते नैराश्य असू शकते. त्याला "नाटके करू नकोस" म्हणू नये, डॉक्टरांकडे आणावे.

"मी नसलो तर बरे" असे तो बोलला तर ते हसण्यावारी नेऊ नये. जीव देण्याचे विचार येतात का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तसे विचार डोक्यात भरत नाहीत, उलट मन मोकळे होते. त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे.

वर्षभरात घरात कोणी गेले असेल तर सणाला मुले विशेष गप्प होतात. विषय टाळू नये. आजीच्या हातच्या करंज्यांची आठवण काढावी, तिचे नाव घ्यावे. मुलाला रडू आले तर येऊ द्यावे.

या रविवारी जेवणानंतर मुलाला एवढेच विचारून पाहा, "यंदा नाताळात तुला काय करायला आवडेल?" उत्तर लगेच आले नाही तरी चालेल. दोन-चार दिवस थांबा, आणि ते येईल तेव्हा मध्ये न बोलता ऐकून घ्या.