ई-मेल डेटाबेसची निगा

कणगीतील धान्य काढले तरी कणगी लहान होत नाही. मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज सर्व्हरच्या डेटाबेसचेही तसेच आहे. जुने टपाल काढल्याने फाइलीत जागा रिकामी होते. सर्व्हर ती नव्या टपालासाठी वापरतो, परंतु फाइलीचा आकार तेवढाच राहतो. तो कमी करण्यासाठी डेटाबेस बंद करून ‘ई-एस-ई-युटिल’ चालवावे लागते. तोपर्यंत त्यातील टपालपेट्या बंद राहतात. नव्या फाइलीच्या अंदाजित आकाराच्या ११० टक्के मोकळी जागा आधी राखावी. कामापूर्वी व काम संपताच पूर्ण बॅकअप घ्यावा. कारण जुन्या बॅकअपवर नंतरच्या नोंदी चढविता येत नाहीत. एक्स्चेंज २०१० पासून चालू टपालपेट्या नव्या डेटाबेसमध्ये हलविता येतात. तोच मार्ग श्रेयस्कर होय.