हलक्या वजनाच्या मल्लांचा क्रम कसा लावावा?

विद्यार्थिमित्रहो, “अमका थोर की तमका थोर?” हा वाद तुम्हांस किती प्रिय आहे हे आम्ही जाणतो. मधल्या सुटीत त्यास आरंभ झाला तर घंटा वाजली तरी तो मिटत नाही, आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचाच मल्ल श्रेष्ठ ठरतो. वस्तुतः निरनिराळ्या काळांतील पुरुषांची तुलना करणे हा बुद्धीचा उत्तम व्यायाम आहे. मात्र त्यास काही नियम पाहिजेत. ते नियम आम्ही येथे हलक्या वजनाच्या चार मल्लांच्या उदाहरणाने सांगणार आहोत.

प्रथम वजनाचा विचार करू. आपल्या जुन्या आखाड्यांत काटा नसे. जाणती माणसे दोन गड्यांकडे पाहून जोड लावीत, आणि सडपातळ गड्यास पुष्कळदा मोठ्या इनामाची कुस्ती मिळत नसे. वजनगट ठरले तेव्हा अशा गड्यास स्वतःचे मैदान मिळाले. मुष्टियुद्धात लंडन येथील नॅशनल स्पोर्टिंग क्लबाने १९०९ साली आठ गट निश्चित केले. त्यांतील सर्वांत हलका गट ११२ पौंडांचा, म्हणजे सुमारे ५०.८ किलोंचा, त्यास ‘फ्लायवेट’ म्हणतात. वेल्सचा जिमी वाइल्ड हा या गटात १९१६ पासून १९२३ पर्यंत जगज्जेता होता. त्याचे वजन बहुधा या मर्यादेहूनही कमी भरे, तरी त्याने आपल्याहून जड अशा अनेकांस लोळविले. उलट स्कॉटलंडचा बेनी लिंच १९३८ साली काट्यावर सुमारे साडेसहा पौंड अधिक भरला आणि लढण्यापूर्वीच आपले पद गमावून बसला.

यावरून पहिला नियम निघतो: गटाच्या नावाकडे न पाहता वजनाकडे पाहावे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकात अर्जेंटिनाचा पास्कुअल पेरेझ फ्लायवेट मुष्टियुद्धात सुवर्णपदक जिंकला. त्याच स्पर्धेत कऱ्हाडजवळील गोळेश्वर गावचे खाशाबा दादासाहेब जाधव हे कुस्तीच्या फ्लायवेट गटात सहावे आले. तो गट ५२ किलोंचा होता. चार वर्षांनी हेलसिंकी येथे ते ५७ किलोंच्या ‘बँटमवेट’ गटात उतरले आणि कांस्यपदक घेऊन आले. त्या काळी हा गट खालून दुसरा होता; २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकात पुरुषांच्या मुक्त कुस्तीत ५७ किलोंचाच गट सर्वांत हलका होता. तेव्हा १९५२ च्या बँटमवेट मल्लाची तुलना आजच्या ५७ किलोंच्या मल्लाशीच करणे न्याय्य होय.

दुसरा नियम असा की, नुसते पदक न मोजता समोर कोण होते आणि यश किती वर्षे टिकले हेही मोजावे. हरियाणातील नाहरी गावच्या रवी दहियाने टोकियो येथे २०२१ साली ५७ किलोंत रौप्यपदक मिळविले. उपांत्य लढतीत तो ९–२ असा मागे होता. तरी धीर न सोडता त्याने प्रतिस्पर्ध्यास चीत केले. अंतिम लढतीत तो ७–४ असा हरला, पण रशियाच्या ज्या झाऊर उगुएवकडून हरला तो दोनदा जगज्जेता झालेला होता. शिवाय २०१९ चे जागतिक कांस्यपदक आणि २०२०, २०२१ व २०२२ अशी लागोपाठ तीन आशियाई विजेतेपदे त्याच्या नावावर आहेत. हरियाणाचाच अमन सेहरावत २०२४ साली पॅरिस येथे वयाच्या एकविसाव्या वर्षी कांस्यपदकाचा मानकरी झाला. पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत वजन अधिक भरल्यामुळे तो बाद ठरला. आपल्या बीड जिल्ह्यातील पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ साली राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोंत सुवर्ण, आणि २०१९ साली जागतिक स्पर्धेत ६१ किलोंत कांस्य मिळविले.

आता तिसरा नियम, आणि तोच सर्वांत कठीण: कर्तृत्वाचा क्रम आणि ऋणाचा हिशेब या दोन वह्या वेगळ्या ठेवाव्यात. खाशाबा मातीत वाढलेले मल्ल. ऑलिंपिकची कुस्ती गादीवर होते. हेलसिंकीस जाण्यास पैसा नव्हता. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून त्यांस सात हजार रुपये दिले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक अशा रीतीने आले, आणि दुसरे येण्यास १९९६ साल उजाडावे लागले. पुढे खाशाबा पोलीस खात्यात नोकरीस लागले. १९८४ साली अपघातात त्यांचा अंत झाला, आणि अर्जुन पुरस्कार त्यांस मरणोत्तर मिळाला.

हे वाचून मराठी मन म्हणेल, “मग पहिला क्रमांक खाशाबांचाच!” आमचेही मन तसेच म्हणते. परंतु धान घेताना एक माप आणि विकताना दुसरे माप लावणाऱ्या व्यापाऱ्यास आपल्या चामोर्शीच्या बाजारात काय म्हणतात, हे तुम्हांस ठाऊक आहे. आपला मल्ल तोलताना आपणही दुसरे माप काढू नये. सबब या चौघांपुरता आमचा क्रम असा: पहिला रवी दहिया, पदकाच्या व सातत्याच्या बळावर, दुसरे खाशाबा, दोन ऑलिंपिकांत दोन गटांतून सहाव्यावरून तिसऱ्या स्थानी चढल्याबद्दल, तिसरा अमन, ज्याचे खाते अद्याप उघडे आहे, चौथा राहुल. ऋणाच्या वहीत मात्र खाशाबांचे नाव पहिल्या ओळीत आहे, व त्याखाली घर गहाण टाकणाऱ्या त्या प्राचार्यांचे. ज्या वाटेने पुढचे तिघे गेले ती वाट ज्यांनी पाडली, त्यांचे स्थान दुसऱ्या क्रमांकाने लेशमात्र उणे होत नाही.

तुमच्यापैकी जे अंगाने किरकोळ आहेत, ज्यांस खेळाचे गडी निवडताना शेवटी बोलाविले जाते, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: वर सांगितलेल्या मल्लांपैकी कोणीही ‘मोठा’ नव्हता. निसर्गाने दिलेल्या वजनात जो पूर्णत्वास पोहोचतो, तो कोणाहूनही हलका नव्हे.

अभ्यासार्थ प्रश्न

१. हेलसिंकी येथेच कोल्हापूरचे केशव माणगावे ६२ किलोंच्या गटात चौथे आले. त्यांस वरील क्रमात घेणे पहिल्या नियमास धरून होईल काय?

२. मेरी कोमने २०१२ साली मुष्टियुद्धात ५१ किलोंत ऑलिंपिक कांस्यपदक मिळविले. तिची बहुतेक जागतिक पदे मात्र त्याहून हलक्या गटांतील आहेत. निखत झरीन २०२२ साली ५२ व २०२३ साली ५० किलोंत जगज्जेती झाली. दोघींचा क्रम लावा व तुमचे माप आधी लिहा.

३. आमचा क्रम तुम्हांस मान्य नसल्यास कोणत्या नियमामुळे, ते सकारण सांगा.