पडदा जरा बंद कर

चि. ईशा,

तुझ्या नाचाच्या तालमीचा व्हिडिओ तीनदा पाहिला. पहिल्या दोन वेळा तू दिसलीसच नाहीस, पडदाच दिसला. मागे पडद्यावर बारा फुटी ईशा उजळून उभी असताना पुढच्या पाच फुटी ईशाकडे कोण बघणार? बाकावर बसून तू पोट आत ओढतेस आणि पाठीची कमान होते, ते कॉन्ट्रॅक्शन छान जमलंय. पण नेमका तेव्हाच पडद्यावर तुझा भलामोठा डोळा येतो आणि सगळं खाऊन टाकतो.

मार्था ग्रॅहमच्या 1930 च्या ‘लॅमेंटेशन’ या नाचात एक बाक आणि अंगाभोवती ताणलेली जांभळ्या जर्सीची नळी, एवढंच होतं. आत अंग आकसलं की कापडावर तिरप्या रेघा ओढल्या जातात. मला विचारशील तर ते कापड हाच तिचा पडदा. जे अंगात घडतं तेच त्यावर उमटतं.

ट्रिशा ब्राउनचं ‘होममेड’ (1966) आठवतंय ना? रॉबर्ट व्हिटमनने तिच्या नाचाची फिल्म घेतली आणि चालू प्रोजेक्टर पाठीवर बांधून ती तोच नाच नाचली. ती वळली की चित्र भिंतीवरून सरकत थेट प्रेक्षकांच्या अंगावर जायचं. यंत्राचं ओझं तिने अंगावर घेतलं होतं, म्हणून चित्र तिचं ऐकत होतं. तुझा प्रोजेक्टर छताला टांगलेला, त्याला तुझी काय फिकीर!

पडद्यावरचा हात तुझ्या हातापेक्षा उशिरा हलतो, ही तुझी तक्रार. अगं, कॅमेरा, लॅपटॉप, प्रोजेक्टर, प्रत्येक जण थोडा थोडा वेळ खाणारच. तो उशीर भरून काढायला धावू नकोस. उलट उशीर वाढव, चांगला चार सेकंदांचा कर. तू रिलीजमध्ये सैल होशील तेव्हा मागची ईशा नुकती आकसायला लागलेली असेल. मग ती तुझी नक्कल राहणार नाही, जोडीदार होईल. फक्त कॅमेऱ्यात पडदा येऊ देऊ नकोस, नाहीतर आरशात आरसा दिसत राहील.

माझ्या एका प्रयोगात मध्येच पडदा निळा झाला आणि ‘नो सिग्नल’ अशी अक्षरं झळकली. मी थांबले. यंत्राला दोष देत बरेच दिवस काढले, पण खरं म्हणजे पडद्याशिवाय पुढची हालचाल मला सुचतच नव्हती.

रविवारी सकाळी येते. बाक तेवढा काढून ठेव, लॅपटॉप नको.

तुझी,
मावशी