तीन महिन्यांची शुगरही चुकते

"डॉक्टर, उपाशीपोटीची शुगर रोज बदलते, पण तीन महिन्यांची कधी चुकत नाही." दवाखान्यात हे सतत ऐकतो. चुकते! आणि आपल्या विदर्भात ती चुकण्याचं एक कारण अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय : सिकलसेल.

तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीए१सी तपासणी, रक्तातली साखर थेट मोजत नाही. तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, ते पाहते. त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. एसएस पॅटर्नच्या, म्हणजे प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार असलेल्या रुग्णात त्या १०-२० दिवसांतच फुटतात. साखर चिकटायला वेळच मिळत नाही. शिवाय ज्याच्यावर ही तपासणी बेतलेली आहे, ते ए हिमोग्लोबिन त्यांच्यात नसतंच. तरीही काही यंत्रं आकडा छापून मोकळी होतात.

गडचिरोलीकडच्या एका ताईंचा तो आकडा ५.२ आला. सिकलसेलचा त्रास सौम्य, म्हणून त्यांनी लॅबमध्ये काही सांगितलं नव्हतं. मोबाइलवर पाहून जांभूळबियांची पूड चालू होती. तिचाच गुण समजून त्यांनी गोळ्या बंद केल्या. माझ्याकडे आल्या त्या पायाची जखम चिघळल्यावर. उपाशीपोटी साखर २१० होती! पाय वाचला. पण असले उपाय पसरवणाऱ्यांपैकी कुणी तुमची जखम बांधायला येणार नाही, हे ध्यानात ठेवा.

एएस, म्हणजे वाहक असाल तर घाबरू नका. तुमच्या पेशी जवळपास नेहमीइतक्याच जगतात, फरक पडला तरी बहुधा थोडा. मात्र काही यंत्रांची पद्धत वाहकांतही गोंधळते, म्हणून लॅबला आधी सांगा. उलटंही घडतं. लोह कमी असलं की आकडा खोटाच वाढतो. ६.६ पाहून शेजारणीच्या गोळ्या सुरू करणाऱ्या बायांनो, आधी हिमोग्लोबिन तपासा! नुकतंच रक्त चढवलं असेल तरीही त्या आकड्यावर विसंबू नका.

ग्लुकोमीटर एक सांगतो आणि रिपोर्ट दुसरंच, लॅब बदलताच आकडा उडी मारतो, रिपोर्ट छान पण तहान, रात्रीची लघवी, घटतं वजन सुरूच, असं असेल तर शंका घ्या. अशा वेळी उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर, घरच्या नोंदी, गरज पडल्यास गेल्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देणारी फ्रुक्टोसामिन तपासणी, यांवर उपचार नीट ठरवता येतात. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त आली, तर एचबीए१सी कितीही चांगली दिसो, डॉक्टरांना दाखवाच. उलट्या, धाप, गुंगी असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

सिकलसेलचा रिपोर्ट शुगरच्या फाइलमध्येच ठेवा, आणि गोळी मनानं बंद करू नका.