देहाची चुळबूळ आणि वेदनानुपश्यना



आपल्या मंडळाच्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका विद्यार्थ्याने रविवारच्या वंदनेनंतर मला बाजूला घेऊन विचारले, "काका, पाठीवर निश्चल पडून राहिले की माणूस देहाबाहेर पडतो म्हणतात. मी रोज रात्री करून पाहतो. पण दहा मिनिटांत नाकाला खाज सुटते, तोंडात लाळ साठते, कंबर भरून येते. माझे काय चुकते?" कशासाठी करतोस, असे विचारल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पप्पांना एकदा बघायचं होतं." त्याचे वडील वर्षापूर्वी वारले. त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर देण्याचा प्रयत्न होय.

१. देह तक्रार का करतो?

त्याचे काहीही चुकत नव्हते. उताणे पडल्यावर शरीराचा बराच भार डोक्याची मागची बाजू, खांद्याची हाडे, माकडहाडाचा भाग आणि टाचा यांवर येतो. तेथील कातडी दबते, रक्तपुरवठा कमी होतो आणि मज्जातंतू सूचना देतात. निरोगी माणूस झोपेतही म्हणूनच कूस बदलतो. ज्याला ती बदलता येत नाही, त्या रुग्णाला रुग्णालयात साधारण दर दोन तासांनी वळवतात. नाहीतर पाठीला जखमा होतात. एखादी नस दबली की मुंग्या येतात. लाळ आपण एरवीही गिळतच असतो. लक्ष तिच्याकडे गेले की ती जाणवू लागते. म्हणजे चुळबूळ हा देहाचा शत्रुपणा नसून त्याची राखण आहे.

२. देहाबाहेर पडण्याविषयी

असा अनुभव आल्याचे सांगणारे सगळेच खोटे बोलतात, असे म्हणता येणार नाही. ओलाफ ब्लांके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली एक नोंद प्रसिद्ध केली. जिनिव्हा येथे अपस्माराच्या एका रुग्ण स्त्रीच्या उजव्या मेंदूतील ठरावीक जागी सूक्ष्म विद्युतप्रवाह दिला असता, आपण वरून स्वतःला पलंगावर पडलेले पाहत आहोत, असे तिला वाटले. तिला फक्त आपले पाय आणि कमरेकडचा भाग दिसला. यावरून अनुभव खरा असला तरी कोणी देह सोडून बाहेर गेले, असे सिद्ध होत नाही.

दीघ निकायातील सामञ्ञफल सुत्तात मनोमय कायेचे वर्णन आहे, हे खरे. पण मनोमय काया म्हणजे अमर आत्मा नव्हे. केवट्ट सुत्तात तर तथागत चमत्कारांपेक्षा उपदेशालाच श्रेष्ठ ठरवतात. प. पू. डॉ. बाबासाहेबांनी १९५७ साली प्रकाशित झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात आत्म्यावरील विश्वास हा धम्म नव्हे, असे स्पष्ट मांडले आहे.

३. वेदना म्हणजे दुखणे नव्हे

मराठीत वेदना म्हणजे दुखणे. पालीत मात्र वेदना म्हणजे जाणवणे. ती सुखद, दुःखद आणि सुखदही नाही व दुःखदही नाही, अशी तीन प्रकारची असते. सतिपट्ठान सुत्तात कायेनंतर लगेच वेदनांचे अवलोकन सांगितले आहे आणि चालणे, उभे राहणे, बसणे याबरोबरच पडून राहणे हीदेखील सजग राहण्याची स्थिती मानली आहे. म्हणजे ज्या खाजेला हा मुलगा अडथळा समजत होता, तोच अभ्यासाचा विषय होता!

संयुत्त निकायातील सल्ल सुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. शरीराला जाणवणारे दुःख हा पहिला बाण. त्यावर चिडणे, तळमळणे हा दुसरा. पहिला चुकत नाही, दुसरा चुकवता येतो. इगतपुरीच्या धम्मगिरीसारख्या केंद्रांवरील दहा दिवसांच्या शिबिरात एकेक तास आसन न बदलता बसण्याचे अधिष्ठान करतात, ते यासाठीच. मी प्रथम बसलो तेव्हा गुडघा मोडतो की काय असे वाटले. पण पाहत राहिल्यावर ती कळ वाढली, सरकली आणि विरली. अनित्य हा शब्द मी कित्येकदा वाचला होता. त्या दिवशी तो गुडघ्यात कळला.

४. अभ्यास कसा करावा?

चटईवर गोधडी अंथरावी. गुडघ्यांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, म्हणजे कंबरेवरचा ताण कमी होतो. भरल्या पोटी करू नये. आरंभी पंधरा मिनिटे पुरेत. खाज आली तर ती कोठे आहे, वाढते की ओसरते, एवढेच पाहावे. लाळ खुशाल गिळावी. मुंग्या येऊन अवयव बधिर होऊ लागल्यास जाणीवपूर्वक हालचाल करावी. त्यात पराभव नाही. दुखणे रोजच राहिले तर डॉक्टरांना दाखवावे. झोपेच्या उंबरठ्यावर कधी अंग हलेनासे होऊन छातीवर दडपण वाटते. स्वप्नाच्या झोपेत स्नायू सैल पडतात आणि जाग मात्र आधी येते, म्हणून असे होते. ते थोड्या वेळात जाते. त्यात भूतबाधा नाही.

शेवटी त्या विद्यार्थ्याला सांगावेसे वाटते : बाळा, देहाबाहेर जाऊन पप्पा भेटतील, असे आश्वासन मी देऊ शकत नाही. पण त्यांची आठवण येताच घसा दाटतो, छाती जड होते, तीही वेदनाच आहे. ती हाकलू नकोस, तिच्यात बुडूही नकोस. खाजेकडे पाहिलेस तसे तिच्याकडे पाहा. एकट्याने सोसवत नसेल तर आईजवळ बोल, आमच्याजवळ ये. त्यांच्या स्मृतिदिनी आपण सारे मिळून पुण्यानुमोदन करू.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.